हौद्याखालचा धूर

जुन्या मालमोटारीचा सायलेन्सर गंजून गळून पडला आणि नवा बसवावयाचा झाला, तर त्याच्या नळीचे तोंड कोठे काढावे, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चेस घेण्याजोगा आहे काय, असे एखादा वाचक विचारील. वरवर पाहता त्याचा आक्षेप रास्त आहे. येथे अंदाजपत्रक, शिक्षणाचे माध्यम, पाणीवाटप असे विषय यावयाचे. गॅरेजच्या खड्ड्यातील विषय मिस्त्रीने पाहावा. तथापि ज्या मोटारीत केवळ माल असतो असे आपण कागदोपत्री धरून चालतो, तिच्यात दरवर्षी ठरावीक दिवसांत माणसे बसलेली असतात, त्या माणसांत आपल्याच शाळांतील मुले असतात, आणि ती जेथे अंथरूण टाकून निजतात त्या फळ्यांखाली हातभर अंतरावरून ती नळी गेलेली असते. एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय मिस्त्रीवर सोडून देण्याइतका लहान राहत नाही.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे शिक्षकी केली. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की वर्गातील काही बाक रिकामे दिसत. कारण विचारण्याची गरज नसे. मुकादमाकडून उचल घेतलेली असे, कोयता ठरलेला असे, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रातील वा सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्याकडे निघून गेलेली असे. निघण्याच्या संध्याकाळी वेशीबाहेर मालमोटारी उभ्या राहत. हौद्याच्या तळाशी ज्वारीची पोती, त्यांवर भांडीकुंडी, वासे, पाचटाच्या खोपीसाठी लागणारे सामान, एखाददुसरी शेळी, आणि या सर्वांच्या मधोमध राहिलेल्या जागेत बायका व मुले. पुरुष फाळक्याला टेकून. रात्री गारठा वाढला की वरून ताडपत्री ओढून घ्यावयाची. असा दहा-बारा तासांचा प्रवास. आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर व त्याच्या ट्रॉल्या आल्या आहेत. पण मालमोटारी अजून संपलेल्या नाहीत, आणि या कामाला ज्या गाड्या लागतात त्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या, पुष्कळ वापरलेल्या असतात.

चैत्राच्या सुमारास मुले परत येत. एका वर्षी पाचवीतील एका मुलीला मी सहज विचारले, प्रवास कसा झाला. ती म्हणाली, "गुरुजी, मला गाडी लागते. डोकं दुखतं न् मळमळतं. आई कांदा हुंगायला देते." मी तो विषय तेथेच सोडला. गाडी लागते म्हणजे लागते. आपल्या भाषेत त्याला एक नाव आहे आणि नाव मिळाले की आपण कारण शोधावयाचे थांबतो. पुढे एकदा बोलता बोलता तिने सांगितले की, एस.टी.ने मामाच्या गावी जाताना तिला कधीच गाडी लागत नाही. हे ऐकल्यावर मात्र मला आपल्या पहिल्या उत्तराची लाज वाटली. वळणे तीच, खड्डे तेच, पोटही तेच. फरक होता तो बसण्याच्या जागेत.

गाडी लागणे आणि धूर लागणे यांची सुरुवातीची लक्षणे एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहेत की फसगत व्हावी यात नवल नाही. डोके जड होते, मळमळते, डोळे चुरचुरतात, पोर पेंगुळते. येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड हा जो वायू बंद खोलीतील शेगडीपाशी माणसे मारतो, तो पेट्रोल इंजिनाच्या मानाने डिझेल इंजिनातून पुष्कळच कमी बाहेर पडतो. त्यामुळे मालमोटारीचा हौदा म्हणजे विषारी कोठडी, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. परंतु रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, म्हणून थोडक्या प्रमाणातही तो तासन्‌तास हुंगणे बरे नव्हे. आणि झिजलेले इंजिन, बिघडलेला पंप, चढाचा रस्ता व वाजवीपेक्षा जास्त भार एकत्र आले की 'कमी' या शब्दाचा आधार फारसा उरत नाही. शिवाय डिझेलच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर हा माणसात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले. तो निर्णय वर्षानुवर्षे धुरात काम करणाऱ्यांच्या अभ्यासावर मुख्यतः आधारलेला आहे. एका रात्रीच्या प्रवासाने तसे काही होत नाही, हे खरे. पण ही रात्र दरवर्षी दोनदा येते, आणि दम्याच्या पोराला एक रात्रही पुरते.

आता नळीकडे येतो. इंजिनातून निघालेला धूर मॅनिफोल्डमधून पुढच्या नळीत येतो, तेथून सायलेन्सरमध्ये, आणि सायलेन्सरमधून मागच्या नळीत. हा मागचा तुकडा सर्वांत आधी सडतो. कारण साधे आहे. इंजिनाजवळ भरलेल्या गाडीत धूर चढावर ४००-५०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो. तेथे पाणी टिकत नाही. मागे येता येता तो निवतो, त्यातील वाफेचे पाणी होते, ते नळीच्या सखल भागात साचते आणि गंधकाच्या अंशामुळे आम्ल होऊन पत्रा खाते. त्यातच बाहेरून चिखल व दगड. मागची नळी गळून पडली की मालकापुढे दोन मार्ग असतात. एक, पूर्वी होती तशी नळी पुन्हा हौद्याच्या कडेपर्यंत नेणे. दुसरा, सायलेन्सरच्या मागे वीतभर तुकडा ठेवून तेथेच तोंड मोकळे सोडणे. दुसरा मार्ग स्वस्त आहे. आणि तो घेतला म्हणजे धूर बरोबर हौद्याच्या मध्यभागी, फळ्यांच्या खाली सुटतो.

ही गोष्ट मला समजली ती रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये. तेथे मी एका जुन्या सहाचाकी गाडीखाली वाकून पाहत होतो. वयस्क मिस्त्रीने चिमणीसारखा काळवंडलेला फळीचा खालचा भाग बोटाने दाखविला. दोन फळ्यांमधील फटीच्या दोन्ही कडांवर काजळी बसली होती. म्हणजे धूर त्या फटीतून वर जात होता. "मास्तर, मालकाला मी सांगितलं होतं, मागपर्यंत नेऊ. ते म्हणाले, ऊस काय खोकतोय का?" हा विनोद त्या मालकाला एरवी शोभून गेला असता. उसाचे खोकणे त्याला ठाऊक होते. उसाआधी त्याच हौद्यातून जाणाऱ्या चाळीस माणसांचे त्याच्या मनातही आले नव्हते. मालक दुष्ट होता असे मला वाटत नाही. त्याने गाडी मालाची म्हणून घेतली होती आणि मालाचा विचार केला होता.

कायद्यानेही नेमके तेच केले आहे. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम उघडून पाहावेत. या बाबतीत ते बेफिकीर आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. ११२ वा नियम सांगतो की, धूर खाली सोडू नये आणि डावीकडे सोडू नये. दोहोंमागे शहाणपण आहे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो, म्हणून गाडीची डावी बाजू ही पदपथाची, थांब्यावरील रांगेची, शाळेत जाणाऱ्या पोरांची बाजू. तसेच धूर खाली सोडला तर आपल्या रस्त्यांवरील फुफाटा उडतो आणि मागच्याच्या डोळ्यांत जातो. ११३ वा नियम इंधनाच्या नळीपासून धुराची नळी ३५ मिलिमीटरच्या आत येऊ देत नाही. ११४ वा नियम तर याहून पुढे जातो: नळीमुळे आग लागू नये अशी ती झाकलेली असावी आणि तिचे तोंड मागे अशा ठिकाणी असावे की धूर गाडीत शिरणार नाही. पण हा शेवटचा नियम सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी आहे. मालमोटारीला तो लागू नाही. का असावा? मालमोटारीत मालाशी संबंध असलेली मोजकी माणसे सोडली तर कोणाला न्यावयाचेच नाही, असे तोच कायदा सांगतो. जेथे माणूस असूच नये असे एकदा ठरविले, तेथे त्याने श्वास कसा घ्यावा याचा विचार करणे नियमकर्त्यांना आपल्याच म्हणण्याला छेद देण्यासारखे वाटले असावे. परिणाम असा झाला की, पदपथावरच्या माणसाला नियम आहे, बसमधल्या माणसाला नियम आहे, आणि हौद्यात पोत्यावर बसलेल्या माणसाला बंदी आहे. बंदी मोडून तो दर हंगामात जातो, सर्वांच्या देखत जातो, आणि त्याच्या वाट्याला ना बंदीचा लाभ येतो ना नियमाचा.

यावर कोणी म्हणेल की, मालमोटारीतून माणसांची वाहतूक बंद करा म्हणजे झाले. ती अवश्य बंद व्हावी. कारखान्यांनी मजुरांसाठी बसगाड्या कराव्यात, ही मागणी वाजवीच आहे. पण ती पुरी होईपर्यंत नळीचे तोंड आहे तेथे ठेवावे, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

मग तोंड काढावे कोठे? अमेरिकेतील मोठ्या मालमोटारींची धुराडी केबिनच्या पाठीमागून उभी वर जातात, हे अनेकांनी चित्रांत पाहिले असेल. आपल्याकडील ट्रॅक्टरचे धुराडेही उभेच असते. धूर उंचावर सुटला की वाऱ्याने लवकर पांगतो आणि रस्त्यावरच्या कोणाच्याही नाकासमोर येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पालथ्या सिमेंटच्या गोण्या किंवा लोखंडी सळ्या वाहणाऱ्या गाडीला तो शोभेलही. पण आपल्या जुन्या उघड्या हौद्याच्या गाडीवर केबिनच्या मागे उभे तापलेले धुराडे म्हणजे हौद्याच्या पुढच्या फळीलगत आगीला आमंत्रण. विदर्भातील कापसाची गाडी, कडब्याची गाडी, पाचट लोंबणारी उसाची गाडी यांच्या बाबतीत हा प्रयोग करू नये. आणि मालावर किंवा ताडपत्रीखाली माणसे असली तर वर सोडलेला धूर चालत्या गाडीत मागे लवून त्यांच्याच अंगावर येणार. पेट्रोलच्या टँकरना धुराची नळी टाकीपासून दूर, पुढच्या बाजूस आणावी लागते. ती गरज त्यांच्या ठिकाणी योग्यच आहे, पण साध्या हौद्याच्या गाडीने तिचे अनुकरण करण्यात फायदा नाही, कारण पुढे सुटलेला धूर चालत्या गाडीखालून मागेच येतो.

सरळ मागे, फाळक्याच्या खाली तोंड काढणे हा सर्वांना सुचणारा उपाय. तो मधोमध तोंड ठेवण्यापेक्षा शतपटीने बरा. मात्र त्यातही एक गोम आहे. पेटीसारख्या आकाराची गाडी वेगाने जात असता तिच्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि त्या पोकळीतील हवा उलटी गाडीकडेच ओढली जाते. मागच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकावर धुळीचा थर का बसतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला अधिक सांगावयास नको. फाळक्याच्या फटीतून धूरही तसाच आत येतो. म्हणून माझ्या मते, आणि त्या मिस्त्रीच्याही मते, जुन्या उघड्या गाडीसाठी उत्तम मार्ग असा: नळी चासीच्या उजव्या पट्टीच्या बाजूने मागे न्यावी, मागच्या आसावरून कमान देऊन पलीकडे घ्यावी, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे, हौद्याच्या उजव्या कडेच्या किंचित बाहेर, तिरपे तोंड करून सोडावी. खाली नाही, डावीकडे नाही, फळ्यांखाली नाही.

यात कौशल्य लागते ते कमानीच्या जागी. पाट्यांवर आस खाली-वर होतो. रिकाम्या गाडीत मोकळी दिसणारी जागा भरलेल्या गाडीत खड्ड्यात उरत नाही. म्हणून कमान भरलेल्या गाडीचा अंदाज घेऊन द्यावी. ब्रेकच्या हवेच्या नळ्या व विजेच्या तारा त्याच पट्टीने जातात. त्यांच्यापासून नळी दूर ठेवावी आणि जेथे अंतर कमी पडते तेथे मध्ये पत्रा लावावा. इंजिन रबरावर हलते आणि चासी तशी हलत नाही, म्हणून पुढच्या बाजूस लवचीक जाळीचा तुकडा हवा आणि मागे टांगण्यांना रबर हवे. सगळे वेल्डिंगने जखडून टाकले तर महिन्याभरात कोठेतरी चीर पडते, आणि चिरेतून गळणारा धूर नळीच्या तोंडाला जुमानत नाही. सखल जागी पाण्यासाठी बारीक छिद्र ठेवावे की नाही यावर मिस्त्रींत मतभेद आहेत. मला विचाराल तर हौद्याखाली छिद्र नको. नळीलाच मागे उतार द्यावा.

लांब नळीने गाडीचा जोर कमी होतो आणि डिझेल जास्त जाते, असा मालकवर्गात एक दृढ समज आहे. धुराला अडथळा होतो तो मुख्यतः सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांमुळे आणि चिमटलेल्या वळणांमुळे. मूळच्याच व्यासाची नळी घेतली आणि वळणे सावकाश दिली, तर या चार-सहा हात लांबीने इंजिनाला कळण्याजोगा फरक पडत नाही. उलट अरुंद भंगार नळी जोडून, हातोड्याने वाकवून काम भागविले, तर मालकाचा समज खरा ठरतो आणि दोष मात्र लांबीच्या माथी येतो. खर्चाचे म्हणाल तर नळी, क्लॅम्प, रबरे आणि वेल्डिंगची मजुरी मिळून तो एका नव्या टायरच्या किमतीच्या लहानशा अंशात बसतो. टायर न बदलता कोणी उसाच्या हंगामावर निघत नाही.

उजवीकडे सोडलेला धूर ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर येतो, ही हरकत मी मान्य करतो. तिला पूर्ण उत्तर नाही. दुचाकीवाला दहा-पंधरा क्षणांत पुढे निघून जातो आणि हौद्यातले पोर रात्रभर तेथेच असते, एवढीच तुलना मी करू शकतो. शहरातील सिग्नलवर अडकून पडणाऱ्या जुन्या गाड्यांचा हिशेब कदाचित निराळा करावा लागेल.

एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नव्या गाड्यांत हा प्रश्न मालकाच्या हाती राहिलेला नाही. तेथे काजळीची गाळणी आणि युरियाच्या द्रावणाची यंत्रणा असून नळीची वाट कारखान्यानेच ठरविलेली असते व तिला हात लावावयाचा नसतो. प्रश्न आहे तो त्याआधीच्या, विशेषतः खूप आधीच्या गाड्यांचा. त्यांची डिझेलच्या धुरासाठी जी तपासणी होते तीत धुराचा काळेपणा मोजतात. काळेपणा मोजण्याचे यंत्र नळीच्या तोंडाशी लावतात. ते तोंड कोठे आहे याची नोंद त्या कागदावर कोठेच होत नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्रासाठी दरवर्षी जावे लागते. त्या वेळी तपासणाऱ्याने खाली वाकून दोन गोष्टी पाहाव्यात, नळी हौद्याच्या कडेबाहेर जाते काय आणि फळ्यांना काजळी धरली आहे काय, ही मागणी परिवहन खात्याला जड जाऊ नये. त्यासाठी यंत्र लागत नाही, विजेरी पुरते.

परंतु माझी अधिक भिस्त साखर कारखान्यांवर आहे. प्रत्येक कारखाना हंगामापूर्वी तोडणी-वाहतुकीचे करार करतो, वाहतूकदाराला उचल देतो, गाडीची कागदपत्रे पाहतो. उचल देण्याच्या दिवशी गाडी कारखान्याच्या आवारात आणवून आपल्या वर्कशॉपच्या माणसाकडून ती तपासून घेणे कारखान्याला सहज शक्य आहे. तपासणीची रीतही सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून नळीच्या तोंडाशी क्षणभर ओल्या फडक्याचा बोळा धरावयाचा. जेथे जेथे गळती असेल तेथून सुस्काऱ्यासारखा आवाज येतो. मग बोळा लगेच काढावयाचा. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगाही हे करतो.

त्या गॅरेजमधील गाडीची नळी पुढे मागपर्यंत गेली. मालकाला मी काही उपदेश केला नाही. फक्त गाडी निघण्याच्या संध्याकाळी त्याला वेशीबाहेर बोलावून, हौद्यात कोण कोण बसले आहे ते पाहावयास लावले. त्याच्या मुलाच्या वर्गातील दोन मुले त्यांत होती. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका गावी थांबून त्याने काम करून घेतले, असे ड्रायव्हरने परतल्यावर सांगितले. चैत्रात गाडी आली तेव्हा मी पुन्हा खाली वाकून पाहिले. मधले एक रबर तुटले होते आणि नळी तारेने बांधलेली होती, पण तोंड कडेच्या बाहेर होते.